मिस मार्पलची निर्माती : अगाथा ख्रिस्ती

विद्यार्थी मित्रहो, मागील विभागात आपण रहस्यकथेची सर्वसाधारण लक्षणे पाहिली. हाती कोणताही अधिकार नसलेली सामान्य व्यक्ती गुन्ह्याची उकल करते, हा या साहित्यप्रकारातील एक लोकप्रिय उपप्रकार होय. त्यात रक्तपाताचे वर्णन कमी आणि मनुष्यस्वभावाचे निरीक्षण अधिक असते. मिस जेन मार्पल ही त्यातील एक अत्यंत परिचित व्यक्तिरेखा. ती नीट समजून घ्यावयाची, तर तिच्या लेखिकेचे जीवन पाहणे उपयुक्त ठरेल.

जडणघडण

अगाथा मिलर यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडमधील टॉर्की या समुद्रकाठच्या शहरात झाला. त्यांचे बालपणीचे शिक्षण मुख्यतः घरीच झाले. मुलीने आठ वर्षांची होईपर्यंत वाचावयास शिकू नये, असे आईचे मत होते. तरीही पाचव्या वर्षाच्या सुमारास त्या आपल्या आपण वाचू लागल्या. त्या अकरा वर्षांच्या असताना वडील वारले.

१९१४ मध्ये आर्चिबाल्ड ख्रिस्ती यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी टॉर्की येथील रुग्णालयात प्रथम परिचारिका म्हणून आणि पुढे औषधालयात काम केले. तेथे त्यांना विषद्रव्यांचे ज्ञान मिळाले. तुला रहस्यकथा जमणार नाही, असे थोरल्या बहिणीने डिवचले होते. ते आव्हान त्यांनी याच काळात स्वीकारले. पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांनी नाकारली. ती १९२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने तिच्यातील विषाच्या अचूक वर्णनाची प्रशंसा केली.

संकट आणि नवी व्यक्तिरेखा

१९२६ हे वर्ष कसोटीचे ठरले. आईचे निधन झाले आणि पतीने घटस्फोट मागितला. डिसेंबरात त्या घरातून नाहीशा झाल्या. अकरा दिवसांनी हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. वृत्तपत्रांनी तर्ककुतर्कांचा धुरळा उडवला. आत्मचरित्रात मात्र त्यांनी या प्रसंगाचा उल्लेखही केलेला नाही.

यानंतर वर्षभरातच, डिसेंबर १९२७ मध्ये, एका मासिकातील कथेतून मिस मार्पल वाचकांसमोर आली. तो प्रसंग लक्षात घ्या. तिच्या घरी जमलेली मंडळी न उलगडलेली रहस्ये सांगण्यासाठी मंडळ स्थापन करतात. त्यांत लेखक, वकील, धर्मगुरू, चित्रकर्ती आणि स्कॉटलंड यार्डचे माजी आयुक्त आहेत. सभासदांची मोजणी करताना विणत बसलेल्या यजमानीणबाईंनाच सारे विसरतात. अखेर अचूक उत्तर देतात त्या मार्पलबाईच.

हे त्यांना कसे साधते? त्या ठसे शोधत नाहीत, साम्य शोधतात. समोरचा संशयित सेंट मेरी मीड या आपल्या खेड्यातील कोणत्या माणसासारखा वागतो, हे त्या आठवून पाहतात. कोणी काय सांगितले आणि काय सांगण्याचे टाळले, इकडे त्यांचे लक्ष असते. ऐकलेले पडताळल्याखेरीज त्या खरे मानत नाहीत. गावगप्पा म्हणून ज्याची हेटाळणी होते, ते त्यांच्या हाती ज्ञानाचे साधन बनते. अगाथांची ईलिंग येथील सावत्र आजी माणसांकडून नेहमी वाईटाचीच अपेक्षा ठेवी आणि बहुधा ती खरी ठरे. हा गुण त्यांनी मार्पलला दिला. मात्र ही व्यक्तिरेखा म्हणजे आजीचे हुबेहूब चित्र नव्हे.

उत्तरायुष्य

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. १९३० मध्ये त्यांनी पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी विवाह केला. त्याच वर्षी मार्पलची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. या मालिकेत एकूण १२ कादंबऱ्या आणि २० कथा आहेत. १२ जानेवारी १९७६ रोजी अगाथा यांचे निधन झाले. मार्पलची अखेरची कादंबरी त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाली.

समारोप

मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण संसार आणि नोकरी सांभाळून पुन्हा अभ्यासाकडे वळला आहात. आयुष्याने दिलेली माणसांची पारख हेही ज्ञानच आहे. मात्र तिला तुलनेची आणि पडताळणीची शिस्त लागते. मार्पलकथा वाचताना या शिस्तीकडे विशेष लक्ष द्या.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. मिस मार्पलची तपासपद्धती थोडक्यात स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील ऐकीव माहिती आणि पडताळलेली माहिती यांतील फरक एका उदाहरणाने दाखवा.