सेनापती बापट आणि मुळशीची बुडालेली गावं

पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापटांच्या नावाचे रस्ते आहेत. बापट कोणत्या सैन्याचे सेनापती, हे मात्र आपल्या तरुणांपैकी फार थोडे सांगू शकतील. ते सैन्य जमिनीवरून उठवल्या जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांचं होतं.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले, पॅरिसमध्ये बॉम्ब बनवायला शिकले, १९०८ मध्ये परतले. मग भूमिगत जीवन, अटक, सुटका. पुढे पारनेरमध्ये ते झाडू घेऊन रस्ते साफ करू लागले. ब्राह्मण घरातला माणूस, त्या काळात! आम्हाला तर हे बॉम्बपेक्षा धाडसाचं वाटतं.

मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनी मुळशीला धरण बांधत होती. पन्नासेक गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. शेतकरी कामाच्या जागी ठाण मांडून बसले. बायकाही तुरुंगात गेल्या. पण बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या ताब्यात होत्या. त्यांना भरपाई हवी होती, ती ठरली आणि लढ्याचा कणा मोडला. नांगर धरणारं कूळ उघड्यावर पडलं. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, त्यांचं तर बोलायलाच नको. नृसिंहवाडीत २०१९ च्या महापुरानंतर वस्तीत काम करताना आम्हीही आधी हेच विचारत होतो: घर कोणाच्या नावावर आहे?

बापट हटले नाहीत. १९२४ मध्ये त्यांनी पिस्तूल घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालंच.

अमेरिकेत १८३८ मध्ये लष्कराने चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीवरून हाकललं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४,००० माणसं मेली असं मानतात. ती वाट १९८७ पासून राष्ट्रीय स्मृतिमार्ग आहे. तिथे आठवण हाकललेल्यांची ठेवली जाते. आपल्या रस्त्यांवर फक्त सेनापतीचं नाव आहे. मुळशीच्या गावांची, कुळांची, महारवाड्यांची नावं म्हाताऱ्यांकडून लिहून घ्यायला आपल्याच मुलांनी जावं, असं आम्हाला वाटतं.

बापट २८ नोव्हेंबर १९६७ ला गेले. तोवर कोयनेचं धरणही उभं राहिलं होतं आणि तिथलीही माणसं उठवली गेली होती.