आठ जोड्यांचा हिशेब

पाकोळी आणि भिंगरी यांत सामान्य माणूस सहसा भेद करत नाही. दोघीही दिवसभर हवेत भिरभिरतात, उडता उडता कीटक टिपतात. अठराव्या शतकात तर खुद्द लिनियसनेही दोघींना एकाच प्रजातीत बसवले होते. हा गोंधळ निस्तरण्यात ज्यांच्या निरीक्षणांचा मोठा वाटा आहे, ते गिल्बर्ट व्हाइट हे एका इंग्लिश खेड्यातील साधे पाद्री होते.

१८ जुलै १७२० रोजी हॅम्पशायरमधील सेलबोर्न येथे त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात पदवी घेऊन ते तेथेच फेलो झाले. धर्मदीक्षेनंतर चांगल्या उत्पन्नाच्या जागा चालून आल्या, पण गाव सोडवेना. ते आजन्म अविवाहित राहिले. १७५१ पासून बागेची आणि १७६८ पासून निसर्गाची नोंदवही त्यांनी नेमाने लिहिली.

मेलेला पक्षी हातात घेऊन त्याचे वर्णन करण्याच्या त्या काळात व्हाइट जिवंत पक्ष्याकडे पाहत आणि त्याचे गाणे ऐकत. दिसायला जवळजवळ सारखे असलेले हिरवट-पिवळे तीन वटवटे निरनिराळ्या जातींचे आहेत, हे १७६८ मध्ये त्यांनी मुख्यतः आवाजावरून ओळखले. एकाचे गाणे हळूहळू उतरत जाते, दुसरा दोनच सुरांची रट लावतो, तर तिसरा उंच बीच वृक्षांच्या शेंड्यावर पंख थरथरवत गातो.

पाकोळ्यांवर मात्र त्यांचा विशेष जीव होता. भिंगरीची तीन बोटे पुढे व एक मागे असते; पाकोळीची चारही पुढे वळलेली. त्यामुळे ती भिंतीला लटकू शकते, पण भिंगरीसारखी फांदीवर किंवा तारेवर बसत नाही. भिंगरी उन्हाळ्यात दोनदा पिले वाढवते, पाकोळी एकदाच. जिब्राल्टरला धर्मोपदेशक असलेले त्यांचे बंधू जॉन यांनी तिकडचे पक्षी धाडले, त्यांत पांढऱ्या पोटाची मोठी पाकोळी होती. सेलबोर्नची पाकोळी हनुवटीवरील फिका ठिपका सोडला, तर सर्वांगाने काळपट. आकार व रंग भिन्न, पण पायांची ठेवण एकच! पाकोळ्यांची प्रजाती वेगळी मानावी, हे स्कोपोली या शास्त्रज्ञाचे मत व्हाइट यांना पटले होते. स्कोपोलीने १७७७ मध्ये ती स्थापनही केली. पाकोळीचे खरे आप्त भिंगऱ्या नसून अमेरिकेतील गुंजनपक्षी आहेत, हे पुढे सिद्ध झाले.

गावात दरवर्षी पाकोळ्यांच्या आठच जोड्या येतात, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांतील सुमारे निम्म्या चर्चमध्ये राहत. आठ जोड्या मोजणे हे काम क्षुल्लक वाटेल, पण त्यातून उठलेला प्रश्न क्षुल्लक नव्हता. दरवर्षी पिले होतात, तरी संख्या वाढत नाही. मग वाढलेले पक्षी जातात कुठे?

त्याहून मोठे कोडे हिवाळ्याचे होते. ऑगस्टच्या आरंभीच पाकोळ्या नाहीशा होत. सामुद्रधुनी ओलांडणारे पक्ष्यांचे थवे जॉन यांनी पाहिले होते. तरीही आपल्याकडचे काही पक्षी बिळात वा कपारीत निद्रिस्त राहत असावेत, ही शंका गिल्बर्ट यांना अखेरपर्यंत सोडून गेली नाही. त्यांनी माणसे लावून झुडपे व खोबणी धुंडाळल्या. हाती काही लागले नाही. एवढा चिकित्सक माणूस येथे चुकला खरा, पण त्याने पुराव्यावाचून निर्णय दिला नाही.

थॉमस पेनंट व डेन्स बॅरिंग्टन यांना लिहिलेल्या पत्रांतून सिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ, सेलबोर्नचा निसर्गेतिहास, बंधू बेंजामिन यांनी प्रकाशित केला. त्यावर १७८९ हे साल आहे. २६ जून १७९३ रोजी, पाकोळ्या गावात असतानाच, व्हाइट यांचे निधन झाले. त्या पाकोळ्या हिवाळ्यात आफ्रिकेत असतात. त्यांतील काही सलग दहा महिने जमिनीला न टेकता उडत राहतात, हे स्वीडनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. सेलबोर्नच्या चर्चच्या आवारात व्हाइट यांची कबर आहे. तिच्यावरील दगडावर नावाची केवळ आद्याक्षरे आणि मृत्यूची तारीख कोरलेली आहे.