बर्थाबाईंची गाडी आणि तो चढ

मैत्रिणींनो, एसटी घाटाला लागली की ड्रायव्हर खटकन गिअर बदलतो. वेग कमी होतो, पण गाडी चढते. यामागे एका जर्मन गृहिणीचे कष्ट आहेत.

बर्था रिंगर यांचा जन्म १८४९ चा, गाव फोर्झहाइम. लग्न ठरलं तेव्हा कार्ल बेंझ यांचा कारखाना डबघाईला आलेला. बर्थाबाईंनी हुंड्याचा पैसा लग्नाआधीच त्यात घातला. (हुंडा म्हटला की मला चीडच येते, पण हा निदान कामी तरी आला!) १८७२ मध्ये लग्न झालं. १८८६ मध्ये तीनचाकी मोटारीचं पेटंट मिळालं, तेही एकट्या कार्लच्या नावावर. गाडीला गिऱ्हाईक मात्र मिळेना.

ऑगस्ट १८८८. नवऱ्याला पत्ता लागू न देता बर्थाबाई १५ आणि १३ वर्षांच्या मुलांना घेऊन गाडीतून निघाल्या. मॅनहाइमहून थेट माहेरी, शंभरेक किलोमीटर! इंधन संपलं, ते वीस्लोख गावात औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं.

खरी पंचाईत झाली चढावर. उभी गाडी हलवायची तर वाटेतल्या अडथळ्यापेक्षा इंजिनाचा रेटा जास्त हवा. चढावर त्यात गाडीचं वजनही मागे ओढतं. त्या इंजिनाची ताकद आपल्या स्कूटरपेक्षाही कमी. मग काय, माय-लेकरांनी उतरून गाडी ढकलली.

जात्याचा खुंटा कडेला का असतो? मधोमध असता तर जातं जागचं हललं नसतं. कडेला हाताला फेरा मोठा पडतो, पण जोर कमी लागतो. चढाच्या गिअरचंही तसंच. इंजिन जास्त फिरतं, चाक कमी फिरतं, पण जोराने फिरतं.

संध्याकाळी माहेरी पोचल्यावर बाईंनी नवऱ्याला तार केली. परत आल्यावर चढाची अडचण सांगितली आणि कार्लनी गाडीला आणखी एक गिअर बसवला. या प्रवासाचा गाजावाजा होऊन पुढे गाड्या खपू लागल्या.

कार्ल १९२९ मध्ये गेले. ते जिथे शिकले, त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यालयाने बर्थाबाईंना मानद सिनेटर केलं, त्यांच्या ९५ व्या वाढदिवशी, ३ मे १९४४ ला. दोनच दिवसांनी त्या गेल्या.