जमिनीचे वैद्य : डॉ. हॅरल्ड मान

सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य सीमेवरून नीरा नदी वाहत येते आणि नरसिंहपूरजवळ भीमेला मिळते. तिच्या खोऱ्यातील काळी जमीन पूर्वी सर्वस्वी पावसाच्या लहरीवर अवलंबून असे. 1876 साली या भागात भीषण दुष्काळ पडला. तशी आपत्ती पुन्हा ओढवू नये म्हणून नीरेचे पाणी कालव्याने शेतांकडे वळविण्यात आले. 1885 च्या सुमारास डावा कालवा वाहू लागला आणि जेथे ज्वारीही कष्टाने पिके, तेथे उसाचे मळे डोलू लागले.

परंतु काही वर्षांतच एक विलक्षण संकट उभे राहिले. सखल शेतांत जमिनीवर मिठासारखा पांढरा थर दिसू लागला. माती ओली असूनही पिके सुकू लागली. ज्या पाण्याने शेतकऱ्याला तारावयाचे, तेच पाणी त्याची जमीन गिळू लागले! हे कोडे उलगडण्यासाठी ज्यांनी परिश्रम केले, ते डॉ. हॅरल्ड मान होत.

मान यांचा जन्म 1872 साली इंग्लंडमधील यॉर्क येथे झाला. रसायनशास्त्रात प्रावीण्य मिळवून ते 1900 साली भारतात आले. प्रथम त्यांनी चहाच्या लागवडीवर संशोधन केले. 1907 साली ते पुण्यास शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नीरेच्या खोऱ्यातील खारवट जमिनींचा त्यांनी आपले सहकारी ताम्हणे यांच्यासह अभ्यास केला व 1910 साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

या रोगाचे मूळ जमिनीच्या पोटात होते. काळ्या मातीत क्षार मुळातच असतात. पाणी वर्षभर मुरत राहिले आणि त्याला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, तर भूगर्भातील पाण्याची पातळी वर चढते. विरघळलेले क्षार त्याबरोबर वर येतात. उन्हाने पाणी उडून जाते. क्षार मात्र मागे राहतात.

अशा जमिनीत मुळांची मोठी कुचंबणा होते. मुळांतील रस मातीतील पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणूनच मुळे पाणी शोषू शकतात. मातीतील पाणी अधिक खारट झाले, की हे शोषण मंदावते आणि पाण्यात उभे असलेले रोप तहानेने कोमेजते. तथापि सर्व वनस्पती सारख्याच दुबळ्या नसतात. काहींची मुळे घातक क्षारांना आत येण्यापासून बऱ्याच अंशी अडवितात. काही वनस्पती आत आलेले क्षार पेशींतील पोकळ्यांत कोंडून ठेवतात आणि इतर द्रव्ये तयार करून आपला रस दाट राखतात. म्हणूनच कापूस व करडई ही पिके पुष्कळसा खारेपणा सोसतात; हरभरा मात्र लवकर मान टाकतो. पण मुळांच्या सहनशक्तीलाही मर्यादा असते. जमीन वाचवावयाची, तर पाणी बेताने द्यावे लागते आणि चर खणून साचलेल्या पाण्याचा निचरा करावा लागतो.

मान यांची दृष्टी केवळ मातीपुरती मर्यादित नव्हती. जमिनीचा रोग शोधताना जमीन कसणाऱ्या माणसाचे दुःखही त्यांनी जाणले. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी घरोघर पाहणी केली व 1917 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. 1771 साली तेथे एका खातेदाराकडे सरासरी 40 एकर जमीन होती. 1915 च्या सुमारास ती अवघी 7 एकर उरली होती. जमिनीचे तुकडे आणि कर्जाचा भार यांनी शेतकरी खचला होता. जमिनीतील क्षारांप्रमाणेच ही दुःखेही वरवर पाहणाऱ्यास दिसत नव्हती.

पुढे मान मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले. 1927 साली निवृत्त होऊन ते मायदेशी परतले. पण स्वस्थ बसले नाहीत. वोबर्न येथील प्रयोगक्षेत्रावर त्यांनी उतारवयापर्यंत संशोधन केले. 1961 साली त्यांचे निधन झाले.

आज नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात खेळते आणि तेथे उसाचे विस्तीर्ण मळे आहेत. शेतात पाणी आणण्याइतकेच ते बाहेर काढणेही महत्त्वाचे असते, ही मान यांच्या कार्यातून मिळणारी शिकवण तेथील शेतकऱ्याला आजही तितकीच उपयोगी आहे.