पुस्तकं नुसतं निमित्त होती! ३० वर्षांची नोकरी गेली, पण ग्रंथपाल रूथ ब्राऊन झुकल्या नाहीत

ग्रंथपाल दिन विशेष

१२ ऑगस्ट, म्हणजे डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिवस, आपल्या देशात ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. त्यानिमित्त अमेरिकेतल्या एका ग्रंथपाल बाईंची ही ओळख. वाचनालयातली पुस्तकं आणि अंक वाचवायला त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे गावातली साधी माणसंही उभी राहिली.

रूथ ब्राऊन यांचा जन्म १८९१ चा, कॅन्सस राज्यातला. शिक्षण झाल्यावर काही वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. १९१९ साली ओक्लाहोमा राज्यातल्या बार्टल्सव्हिल गावात त्या ग्रंथपाल झाल्या. हे गाव खनिज तेलाचं. फिलिप्स या मोठ्या तेल कंपनीचं मुख्य ऑफिस तिथंच होतं. त्यामुळे गावात कंपनीच्या लोकांचा शब्द चालायचा.

ब्राऊनबाईंनी लग्न केलं नाही. वाचनालय हाच त्यांचा संसार. लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना ओळखायचे. १९३१ साली त्या राज्याच्या ग्रंथालय संघटनेच्या अध्यक्षही झाल्या.

त्या काळी तिथं गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांच्या शाळा वेगळ्या, हॉटेलात बसायच्या जागा वेगळ्या. आपल्याकडे पाणवठ्यावर जशी शिवाशिव चालायची, तसलाच तो प्रकार. बाईंना हे पटत नव्हतं. १९४६ मध्ये गावातल्या काही गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांनी मिळून भेदभावाविरुद्ध एक समिती काढली. त्यात बाई पुढे होत्या.

फेब्रुवारी १९५० मध्ये बाई दोन कृष्णवर्णीय शिक्षिकांना घेऊन गावातल्या एका औषधाच्या दुकानात गेल्या. तिकडे अशा दुकानात खाण्यापिण्याचीही सोय असायची. तिघी जाऊन बसल्या. दुकानदारानं त्यांना काहीही द्यायला नकार दिला. ही बातमी गावभर झाली.

मग थोड्याच दिवसांत चाळीसेक लोकांचा गट नगर आयोगाकडे तक्रार घेऊन गेला. आता कुणालाही वाटेल, तक्रार त्या दुकानातल्या प्रकाराची असेल. पण तक्रार होती पुस्तकांची! वाचनालयात देशविरोधी, कम्युनिस्ट विचारांचं साहित्य ठेवलं जातं, असं त्यांचं म्हणणं. ‘द नेशन’, ‘द न्यू रिपब्लिक’ आणि ‘सोव्हिएत रशिया टुडे’ या नियतकालिकांवर बोट ठेवलं गेलं. तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावानं नुसती भीती पसरली होती. एकदा तो शिक्का बसला की माणूस संपलाच.

वाचनालयाच्या समितीनं चौकशी केली आणि बाईंची बाजू घेतली. पण नगर आयोगानं नियम बदलून ती समितीच बरखास्त केली आणि आपल्या मर्जीतली नवी नेमली.

जुलै १९५० मध्ये बाईंना चौकशीला बोलावलं. वाचनालयाबद्दल विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली. मग प्रश्न खाजगी गोष्टींवर आले, दुकानात गेल्याचाही विषय निघाला. हे प्रश्न लेखी द्या, असं बाईंनी सांगितलं. त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. ३० वर्षांची नोकरी एका बैठकीत गेली.

इथं गावातली माणसं गप्प बसली नाहीत. त्यांनी बाईंच्या नावानं मित्रमंडळ काढलं, पैसा गोळा केला, कोर्टात गेले. कंपनीच्या गावात राहून असं उघड उभं राहणं सोपं नव्हतं. कोर्टात निकाल विरोधात गेला. पण प्रकरण देशभर पोचलं. अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं दखल घेतली. ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी वाचनस्वातंत्र्यासाठी स्वतःची समिती नेमली.

बाई पुढे मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत कामाला गेल्या. नंतर कोलोरॅडोतल्या स्टर्लिंग गावात पुन्हा ग्रंथपाल झाल्या आणि १९६१ मध्ये निवृत्त झाल्या. १९५६ साली त्यांच्या प्रकरणावरून ‘स्टॉर्म सेंटर’ नावाचा सिनेमा आला. त्यात बेटी डेव्हिस या नामवंत अभिनेत्रीनं ग्रंथपालाचं काम केलं. १९७५ मध्ये बाईंचं निधन झालं.

नोकरी त्यांना परत मिळाली नाही ती नाहीच. पण २००७ मध्ये त्याच बार्टल्सव्हिलच्या वाचनालयात त्यांचा ब्राँझचा अर्धपुतळा बसवला गेला.

राग होता तिघी एका टेबलाशी बसल्याचा, आणि काढला तो पुस्तकांवर. म्हणून वाचनालयातून अमुक पुस्तक हलवा अशी मागणी कुठंही झाली, की आधी एवढंच विचारावं : दुखणं नक्की पुस्तकाचं आहे, की दुसऱ्याच कशाचं?