गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड

एका हाताने बीमवर चिन-अप मारणारे गणिताचे प्राध्यापक तुम्ही कधी पाहिले आहेत का? विल्यम किंग्डन क्लिफर्ड तसे होते.

त्यांचा जन्म ४ मे १८४५ रोजी इंग्लंडमधील एक्सेटर येथे झाला. आई लहानपणीच वारली. पंधराव्या वर्षी, म्हणजे आमच्याच वयात, ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. पुढे केंब्रिजला ते अभ्यासात जितके हुशार, तितकेच व्यायामातही तरबेज ठरले. एकदा तर ते चर्चच्या मनोऱ्यावर चढून वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्याच्या दांडीला पायांनी उलटे लटकले! १८७० मध्ये सूर्यग्रहण पाहायला जाताना सिसिलीजवळ त्यांचे जहाज फुटले, पण ते बचावले. पुढच्याच वर्षी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले.

वस्तूचे फिरणे आणि सरकणे एकाच गणितात बसवण्यासाठी त्यांनी १८७३ मध्ये एक विलक्षण संख्या वापरली. ती स्वतः शून्य नाही, पण तिचा वर्ग शून्य! तिला आपण 'क' म्हणू. आता (३ + क) चा वर्ग करा. उत्तर येते ९ + ६क + क चा वर्ग. शेवटचे पद शून्य, म्हणून उरते ९ + ६क. यातील ९ हा ३ चा वर्ग. आणि ६ म्हणजे तेथे वर्ग ज्या दराने वाढतो तो दर, म्हणजेच अवकलज. तो आपोआप मिळाला!

तेव्हा आजच्यासारखे संगणक नव्हते. १९६४ मध्ये वेंगर्ट यांनी किंमत आणि तिचा दर जोडीने पुढे नेणारी संगणकाची पद्धत प्रसिद्ध केली. क्लिफर्ड यांच्या संख्येत हीच जोडी असते. विमानाच्या पंखाचा आकार किंचित बदलला तर हवेचा रोध किती बदलेल, असे प्रश्न आज शास्त्रीय प्रोग्रॅम अवकलज काढून सोडवतात.

हे पाहायला क्लिफर्ड नव्हते. दिवसा शिकवायचे आणि कित्येकदा रात्रभर लिहायचे, असा त्यांचा क्रम होता. १८७६ मध्ये क्षयाची लक्षणे दिसली. विश्रांतीने थोडे बरे वाटले की ते पुन्हा कामाला लागत. ३ मार्च १८७९ रोजी मदीरा बेटावर, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी ते वारले. मागे पत्नी लूसी आणि दोन लहान मुली राहिल्या.

रात्री लाइट्स आऊटचा बिगुल वाजला की आपण कुरकुरतो. क्लिफर्ड यांचे चरित्र वाचल्यावर तो का वाजतो, ते समजते.