विखुरलेल्या मुलखाला रुळांनी जोडणारे महाराज

गणेशोत्सव आला की आपण वडोदऱ्याची मराठी मंडळी श्रीमंत सयाजीराव महाराजांची आठवण काढतोच. शाळा, ग्रंथालये, बँक, कलाभवन यांविषयी या अंकात पुष्कळ लिहिले गेले आहे. यंदा आम्ही महाराजांच्या आगगाडीविषयी लिहीत आहोत.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे 11 मार्च 1863 रोजी जन्मलेला गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली, बाराव्या वर्षी, बडोद्याच्या गादीवर आला. जमनाबाई महाराणींनी त्याला दत्तक घेतले आणि तो खंडेराव महाराजांचा पुत्र झाला. वारशात त्याला रेल्वेही मिळाली. खंडेरावांनी 1862 साली डभोई ते मियागाम असा अरुंद रूळ टाकला होता आणि त्यावर डबे बैल ओढत. पुढे रूळ भक्कम केल्यावर 1873 पासून तिथे इंजिन नियमित धावू लागले.

महाराज अल्पवयीन असताना दिवाण सर टी. माधवराव यांच्या कारभारात डभोईहून चांदोद, बहादरपूर आणि बडोदे अशा शाखा निघाल्या. 1881 च्या डिसेंबरात पूर्ण अधिकार हाती आले, तेव्हा डभोई हे जंक्शन झालेले होते.

पण खरी अडचण नकाशातच होती. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे राज्याचे चार प्रांत एकमेकांपासून तुटलेले. मध्ये इंग्रजांचा आणि इतर संस्थानिकांचा मुलूख, आणि मुंबईकडची मुख्य लाइन बी.बी. अँड सी.आय. कंपनीची. आपल्याच घरातल्या एका खोलीतून दुसरीत जायला शेजाऱ्याचे अंगण ओलांडावे लागावे, तशी गत!

महाराजांनी प्रत्येक प्रांतातून त्या मुख्य लाइनीला शाखा जोडण्याचे धोरण धरले. 1887 साली मेहसाण्याहून वडनगरकडे मीटर गेज गेली. आणंद–पेटलाद ब्रॉड गेज झाली. नवसारी प्रांतात बिलिमोऱ्याहून डांगच्या जंगलाकडे नॅरो गेज निघाली. 1919 मध्ये गोया गेट, म्हणजे आजच्या प्रतापनगरला, रेल्वेचा कारखाना उभा राहिला. 1926 साली ओखा बंदर सुरू झाल्याने राज्याला समुद्राचे दारही मिळाले.

तरी हे जाळे एकसंध नव्हते, हेही सांगितले पाहिजे. रुळांची रुंदी तीन प्रकारची. डभोईकडचा कापूस विश्वामित्रीला एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. त्यात वेळ जाई आणि हमाली वाढे. नॅरो गेज स्वस्त पडते म्हणून गावोगाव पोहोचली, पण त्या स्वस्ताईची किंमत प्रत्येक सांध्यावर मोजावी लागली.

6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. 1949 साली संस्थान विलीन झाले, गायकवाडी रेल्वे बी.बी. अँड सी.आय.मध्ये मिसळली आणि 1951 मध्ये पश्चिम रेल्वे झाली. चांदोदची जुनी वाट ब्रॉड गेज होऊन केवडियापर्यंत वाढली आणि जानेवारी 2021 मध्ये तिथे थेट गाड्या सुरू झाल्या. आता विश्वामित्रीला गाडी बदलावी लागत नाही.

नर्मदास्नानासाठी चांदोदला छोट्या गाडीने गेलेले आजी-आजोबा आपल्या अनेक घरांत होते, काही घरांत आजही आहेत. त्यांच्याकडून त्या प्रवासाच्या गोष्टी नातवंडांनी या दहा दिवसांत जरूर ऐकाव्यात, आणि एखाद्या रविवारी प्रतापनगरचे रेल्वे संग्रहालयही पाहून यावे.

गणपती बाप्पा मोरया!